कमलाबाई रणदिवे आणि शरीराबाहेर जगवलेली पेशी

नीरा आणि भीमा या दोन नद्यांच्या मधल्या मुलखात, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत, एखाद्या घरी कर्करोगाचे निदान झाले म्हणजे नातलगांच्या तोंडी पहिले नाव येते ते ‘टाटा’चे. ‘टाटाला नेले’, ‘टाटाची तारीख मिळाली’ एवढे कोणी सांगितले की ऐकणारा पुढचे सारे समजून घेतो: तपासण्यांच्या कागदांची पिशवी, दौंडला पहाटे पकडलेली गाडी, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेतील मुक्काम आणि परळच्या त्या इमारतीत केसपेपर हातात धरून काढलेले दिवस. त्या इमारतीत कोणाला गुण आला आणि कोणाला आला नाही, याचा हिशेब आपल्या गावोगाव ठेवलेला आहे; परंतु तिच्याच आश्रयाने गेली ऐंशी वर्षे चालत आलेल्या संशोधनाची, आणि त्या संशोधनाचा पाया घालण्यात पुण्यात जन्मलेल्या एका मराठी विदुषीचा केवढा वाटा होता याची, माहिती फारच थोड्यांना आहे. डॉ. कमल जयसिंग रणदिवे हे त्या विदुषीचे नाव.

शरीराच्याच रोगप्रतिकारक पेशींकडून कर्करोगाचा नाश करविणारा, भारतात विकसित झालेला पहिला पेशी-उपचार ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारी मंजुरीस पात्र ठरला, तेव्हा ती वार्ता वाचून पुष्कळांना एखादा चमत्कार अकस्मात घडल्यासारखे वाटले. आनंद वाटावा अशीच ती वार्ता होती. परंतु रोग्याच्या रक्तातील पेशी काढून घ्यावयाच्या, त्या काही दिवस शरीराबाहेर जिवंत ठेवावयाच्या, त्यांत इष्ट तो बदल करावयाचा, त्यांची संख्या वाढवावयाची आणि मग त्या पुन्हा रोग्याच्या शरीरात सोडावयाच्या, हा त्या उपचाराचा गाभा आहे. आणि मनुष्याची पेशी शरीराबाहेर जगविण्याची विद्या ज्यांनी या देशात रुजविली, त्यांत कमलाबाईंचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. म्हणूनच आज सर्वत्र जिची चर्चा चालते त्या इम्युनोथेरपीचा परिचय त्यांच्या कारकिर्दीपासून करून देणे मला उचित वाटते.

त्यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात समर्थांच्या घराण्यात झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत, आणि मुलगा असो वा मुलगी, शिक्षणात कसूर होऊ द्यावयाची नाही असा त्यांचा बाणा होता. हुजूरपागेत शालेय शिक्षण झाल्यावर मुलीने वैद्यक शिकावे अशी वडिलांची इच्छा होती. मुलीने मात्र फर्ग्युसनमध्येच वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र हे विषय घेतले. पुढे पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातून १९४३ साली त्यांनी एम.एस्सी. ही पदवी मिळविली. त्या पदवीसाठी त्यांनी निवडलेला विषय आपल्या भागातील वाचकाला विशेष जवळचा वाटेल: सीताफळ ज्या कुळात मोडते त्या कुळातील वनस्पतींच्या पेशींचा आणि त्या पेशींतील गुणसूत्रांचा अभ्यास. बारामतीला लागूनच असलेल्या पुरंदरच्या माळावर ज्या झाडाने कित्येक कुटुंबांना हात दिला, त्याच्याच आप्तवर्गाच्या पेशी पुढे कर्करोगाची शास्त्रज्ञ होणाऱ्या या विद्यार्थिनीने सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळल्या होत्या. वनस्पतीपासून प्राण्यापर्यंतचा हा प्रवास वरवर पाहता विषयांतरासारखा भासतो. तो तसा नव्हता. पेशी कशी विभागते आणि विभागताना कोठे चुकते हा एकच प्रश्न त्यांनी आयुष्यभर वेगवेगळ्या सजीवांना विचारला.

१९३९ च्या मे महिन्यात गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि संसार मुंबईस गेला. पतीने त्यांच्या उच्च शिक्षणास मनापासून साह्य केले, ही गोष्ट त्या काळाचा विचार करता नोंदवून ठेवण्यासारखी आहे. मुंबईत त्या टाटा स्मारक रुग्णालयात काम करू लागल्या. लेडी मेहेरबाई टाटा यांना १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने मृत्यू आल्यानंतर त्यांच्या स्मरणार्थ दोराबजी टाटा विश्वस्त निधीने बांधलेले हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले होते, आणि तेथील विकृतिशास्त्राची प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाती होती. खानोलकरांच्या दृष्टीचा विस्तार असामान्य होता. मुंबईत ओळीने आलेल्या मुखकर्करोगाच्या १,००० रोग्यांचा आढावा त्यांनी १९४४ सालीच प्रसिद्ध केला, आणि लोकांच्या सवयींचा, विशेषतः तंबाखूचा, कर्करोगाशी संबंध काय याचा शोध घेण्याची वहिवाट आपल्याकडे घालून दिली. अशा गुरूच्या हाताखाली कमलाबाईंनी उंदरांतील स्तनाच्या कर्करोगावर काम केले आणि १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली.

उंदरांवर काम कशासाठी, असा प्रश्न सामान्य वाचकाच्या मनात येणे साहजिक आहे. मनुष्याच्या बाबतीत आई, आजी, आहार, सवयी, बाळंतपणे आणि वय यांची गुंतागुंत एवढी असते की एक धागा सुटा करून पाहता येत नाही. उंदरांचे मात्र एकाच रक्ताचे वाण पिढ्यान्‌पिढ्या सांभाळता येतात; काही वाणांत बहुतेक माद्यांना स्तनाची गाठ येते, तर काहींत क्वचितच येते. अमेरिकेत जॉन बिट्नर यांनी १९३६ साली दाखवून दिले होते, की गाठी येणाऱ्या वाणाची पिले जन्मतःच दुसऱ्या वाणाच्या दाईला पाजावयास दिली तर त्यांच्यांतील गाठींचे प्रमाण पुष्कळच घटते. म्हणजे आईच्या दुधातून काही तरी पिलांत उतरत होते. ते ‘काही तरी’ म्हणजे एक विषाणू होता हे पुढे सिद्ध झाले. कमलाबाईंनी याच वाटेवर अनेक वर्षे घालविली. वाणाचा अंगभूत कल, शरीरातील संप्रेरकांची पातळी आणि गाठ उत्पन्न करणारा विषाणू या तिघांचा एकमेकांशी संबंध काय, हा त्यांच्या अन्वेषणाचा मुख्य विषय. कर्करोगाला एकच एक कारण शोधणाऱ्या त्या काळात, कारणे एकमेकांच्या हातात हात घालून येतात हे त्यांनी प्रयोगाने दाखविले. त्यांच्या कार्यातील हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण आजही आपल्या गावांत ‘त्याने तर कधी तंबाखू खाल्ली नाही, मग त्याला कसा झाला?’ हा प्रश्न विचारला जातो, आणि त्याचे उत्तर याच विचारसरणीत आहे.

पीएच.डी. नंतर रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या शिष्यवृत्तीवर त्या अमेरिकेस, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. मानवी पेशी काचपात्रात वाढविण्यासाठी गाय यांनी आयुष्य वेचले होते. बहुतेक पेशी काही दिवसांत मरून जात. १९५१ साली मात्र हेन्रिएटा लॅक्स नावाच्या, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने आजारी असलेल्या एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतून घेतलेल्या पेशी त्या प्रयोगशाळेत वाढू लागल्या, त्या वाढतच राहिल्या. ती बाई त्याच वर्षी मरण पावली. तिच्या पेशी आज जगभरच्या प्रयोगशाळांत जिवंत आहेत. घरात लावलेल्या दह्यातील चमचाभर काढून ठेवून दुसऱ्या दिवशीच्या दुधाला विरजण लावावे आणि असे ते विरजण वर्षानुवर्षे मोडू देऊ नये, तसे पेशींच्या या वंशाचे आहे: थोड्या पेशी काढून नव्या पोषक द्रवात घालावयाच्या, त्या वाढल्या की पुन्हा त्यांतून थोड्या काढावयाच्या. या पेशी घेताना त्या बाईची वा तिच्या घरच्यांची संमती घेण्यात आली नव्हती, हा या इतिहासातील अन्याय आहे आणि तो विसरता कामा नये.

ही विद्या शिकून कमलाबाई मुंबईस परतल्या. त्या वेळी परदेशी राहण्याची संधी सोडून येणे हे सोपे नव्हते. परतल्यावर त्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात वरिष्ठ संशोधन अधिकारी म्हणून काम करू लागल्या. हे केंद्र १९५२ साली परळलाच स्थापन झाले होते. तेथे त्यांनी प्रायोगिक जीवशास्त्राची प्रयोगशाळा आणि ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी करण्यात पुढाकार घेतला. इंदापूरच्या केळीबागाईतदाराला ‘टिश्यूकल्चर’ हा शब्द नवा नाही. उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी लावलेली जी-नाइनची रोपे प्रयोगशाळेतल्या काचपात्रांतूनच आलेली असतात. परंतु वनस्पतीची पेशी पुष्कळ सोशिक असते, आणि प्राण्याची पेशी अत्यंत नाजूक. तिला शरीराइतकीच ऊब लागते, क्षार आणि साखर नेमक्या प्रमाणात लागतात, रक्तद्रवाचा अंश लागतो, आणि हवेतला एखादा जंतू पात्रात शिरला तर आठवड्यांचे श्रम एका रात्रीत वाया जातात. मुंबईची दमट हवा, परकीय चलनाची टंचाई आणि आयातीच्या परवान्यांची यातायात, अशा परिस्थितीत परदेशातून तयार द्रव मागवीत बसणे शक्य नव्हते. तेव्हा साठीच्या दशकाच्या आरंभी कमलाबाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशींच्या पोषणाचे द्रव आणि त्यांना लागणारी रसायने येथेच तयार करण्याची तजवीज केली. या कामाची स्वतंत्र कीर्ती होत नाही, त्यावर कोणी पारितोषिक देत नाही. पण याच्याविना पुढचे एकही पाऊल पडले नसते.

या विद्येचा एक उपयोग त्यांनी अशा रोगासाठी केला की ज्याचा कर्करोगाशी प्रत्यक्ष संबंध नव्हता. कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेत वाढत नाही, ही शास्त्रज्ञांची जुनी अडचण. खानोलकर, कमलाबाई आणि सी. व्ही. बापट यांनी कुष्ठरुग्णांच्या ऊतींपासून एक जंतू १९५८ साली प्रयोगशाळेत वाढविला आणि केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तो ‘आयसीआरसी’ या नावाने ओळखला जाऊ लागला. पुढे डॉ. माधव गजानन देव यांनी याच जंतूपासून कुष्ठरोगावरील लस विकसित केली. आजच्या विषयाच्या दृष्टीने यातील मर्म असे, की कुष्ठरोगाच्या तीव्र प्रकारात रोग्याची प्रतिकारशक्ती त्या एका जंतूपुरती जणू निद्रिस्त होते. इतर रोगांशी ती झुंजते, या जंतूला मात्र आपल्यात राहू देते. तिला जागे करणे हा त्या लसीमागचा विचार. कर्करोगातही जवळजवळ हीच अवस्था असते, आणि कमलाबाईंनी केंद्रात कर्करोगजनन, पेशीजीवशास्त्र आणि रोगप्रतिकारशास्त्र असे नवे विभाग उघडले ते या दूरदृष्टीनेच.

१९६६ पासून १९७० पर्यंत केंद्राचे प्रभारी संचालकपद त्यांच्याकडे होते. दोनशेहून अधिक शोधनिबंध, १९८२ साली पद्मभूषण, अशी त्यांच्या मानसन्मानांची यादी पुष्कळ वाढविता येईल; मला मात्र त्यांनी मागे ठेवलेली माणसे अधिक महत्त्वाची वाटतात. त्याच संस्थेतल्या डॉ. सुमती भिडे यांनी मिस्रीतील कर्करोगजनक द्रव्यांचा अभ्यास केला. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू दातांना लावण्याची सवय आपल्या तालुक्यांतील किती आयाबायांना आहे, आणि ऊसतोडीच्या तांड्यांत ती लहान मुलींपर्यंत कशी पोहोचते, हे वाचकांना सांगावयास नको. त्या सवयीचे घातक स्वरूप प्रयोगशाळेत पारखण्याचे काम एका मराठी स्त्रीने केले हेही कळावयास हवे. कमलाबाईंनी १९७३ साली सहकारी शास्त्रज्ञ स्त्रियांसह भारतीय स्त्री-वैज्ञानिक संघटना स्थापन केली, तिचे मुख्य ठाणे आज वाशीस आहे. आणि उतारवयात नगर जिल्ह्यातील राजूर परिसरातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास हाती घेतला. २००१ साली त्यांचे निधन झाले.

आता प्रतिकारशक्तीच्या उपचाराकडे, म्हणजे इम्युनोथेरपीकडे, वळू. आपल्या रक्तात आणि लसिका ग्रंथींत ‘टी पेशी’ नावाच्या पेशी असतात. छातीच्या हाडामागील थायमस या ग्रंथीत त्या परिपक्व होतात. या ग्रंथीचे कार्य जॅक मिलर यांनी १९६१ साली उघड केले, तोवर ती निरुपयोगी मानली जात असे. शरीरातील प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर काही प्रथिने असतात. टी पेशी ती चाचपून पाहते, आणि ओळख परकी वाटली तर त्या पेशीचा नाश करते. विषाणूने ग्रासलेली पेशी अशी सापडते. कर्करोगाची पेशी मात्र आपल्याच शरीरातून उत्पन्न झालेली असते, तिची ओळख पुष्कळशी आपलीच असते, आणि शिवाय ती टी पेशीला थोपवून धरणारे संकेत देऊ शकते. न्यूयॉर्कचे शल्यविशारद विल्यम कोली यांनी १८९१ साली रोग्यांना मुद्दाम जंतुसंसर्ग घडवून प्रतिकारशक्ती चेतविण्याचा प्रयत्न केला होता. काहींच्या गाठी विरघळल्या, पण असे का होते ते कळत नसल्याने ही वाट पुढे बुजली. ती पुन्हा मोकळी होण्यास शतक लागले. टी पेशीला थोपविणारी प्रथिने ओळखून त्यांचा अडसर दूर करण्याच्या शोधासाठी अमेरिकेचे जेम्स ॲलिसन आणि जपानचे तासुकु होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या शोधातून निघालेली औषधे गुणकारी आहेत, आणि सामान्य माणसाला न परवडणारी आहेत. येथे टाटा स्मारक रुग्णालयाने केलेले एक काम मला विशेष गौरवास्पद वाटते. डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा प्रश्न विचारला, की ‘निवोलुमॅब’ या औषधाची मात्रा प्रचलित मात्रेच्या दशमांशाहूनही कमी दिली तर काय होईल? तोंड, घसा आणि मान या भागांचा कर्करोग हाताबाहेर गेलेल्या १५१ रोग्यांवर त्यांनी ही परीक्षा केली. नेहमीची स्वस्त तोंडी औषधे घेणाऱ्यांपैकी वर्षभर जगलेल्यांचे प्रमाण सुमारे १६ टक्के होते. त्याच औषधांच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी अवघे २० मिलिग्रॅम निवोलुमॅब मिळालेल्यांत ते सुमारे ४३ टक्के झाले. २०२२ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. श्रीमंत देशांतील कोणत्याही औषध कंपनीला कमी मात्रेची परीक्षा करण्यात स्वारस्य नव्हते. ती येथेच व्हावयाची होती, कारण तंबाखूने तोंड जळालेला आणि औषधाची पूर्ण किंमत न पेलणारा रोगी येथेच होता.

दुसरा उपचार म्हणजे आरंभी उल्लेखिलेला ‘कार-टी’. इस्रायलचे झेलिग एशहार यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस अशी कल्पना मांडली, की टी पेशीला कर्करोगाची ओळख पटत नसेल तर तिच्या पृष्ठभागावर ती ओळख करून देणारा एक कृत्रिम ग्राही बसवावा. २०१२ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे एमिली व्हाइटहेड या लहान मुलीचा सर्व उपायांना न जुमानणारा रक्ताचा कर्करोग या उपचाराने हटला, आणि २०१७ साली तेथील सरकारने त्यास मान्यता दिली. परंतु किंमत रुपयांत मोजता तीन कोटींच्या पुढे. मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक राहुल पुरवार यांनी असा उपचार भारतात निर्माण करण्याचे मनावर घेतले. टाटा केंद्राचे डॉ. गौरव नरुला आणि डॉ. हसमुख जैन यांनी रोग्यांवरील परीक्षेची जबाबदारी उचलली. परळच्या जुन्या कर्करोग संशोधन संस्थेचे खारघरला जे विस्तारित रूप झाले, त्या ‘ॲक्ट्रेक’मध्ये जून २०२१ मध्ये पहिल्या रोग्याला हा उपचार देण्यात आला. रोग्याचे रक्त यंत्रातून फिरवून टी पेशी वेगळ्या काढतात, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या वाहनाने त्यांत नव्या ग्राहीचे जनुक घालतात, पोषक द्रवात त्यांची संख्या वाढवितात आणि सलाइनसारख्या त्या शिरेतून परत देतात. ‘नेक्सकार १९’ या नावाने त्यास मंजुरी मिळाली, ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले, आणि ६४ रोग्यांवरील परीक्षेचे निष्कर्ष २०२५ साली ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त आले, त्यांत सुमारे ७३ टक्के रोग्यांना गुण दिसला. मंजुरीच्या सुमारास त्याची किंमत अमेरिकेच्या मानाने दशमांशाच्या आसपास, म्हणजे चाळीस लाख रुपयांच्या घरात होती.

या आकड्याने कोणी हुरळून जाऊ नये, असे मला स्पष्ट सांगावेसे वाटते. हा उपचार ‘बी पेशीं’पासून उद्भवणाऱ्या काही ल्युकेमिया आणि लिम्फोमा यांवर, आणि तोही इतर उपाय थकल्यावर, दिला जातो, तोंडाच्या, स्तनाच्या वा गर्भाशयमुखाच्या गाठीवर त्याचा आज उपयोग नाही. गाठींच्या कर्करोगांवर टी पेशी कशा चालवाव्या यावर संशोधन चालू आहे, आणि ॲक्ट्रेकच्या माजी संचालक डॉ. शुभदा चिपळूणकर यांनी मुखकर्करोगाच्या संदर्भात ‘गॅमा-डेल्टा’ जातीच्या टी पेशींवर केलेले काम त्या दिशेनेच जाते. शिवाय अशा उपचाराला लागणारी लाखो रुपयांची रक्कम बागायती गावातल्या बऱ्या शेतकऱ्यालाही जमीन विकावयास लावणारी आहे. जिरायती सुपे-मोरगावच्या पट्ट्यातील कुटुंबाने काय करावे? सरकारने अशा उपचारांना जनआरोग्य योजनेत भरीव स्थान देण्याची तरतूद केल्यावाचून हे विज्ञान आपल्या तालुक्यांपर्यंत पोहोचणार नाही.

तोवर आपल्या हाताशी काय आहे? इंदापूरहून टेंभुर्णी-कुर्डुवाडीच्या वाटेने बार्शीस जावे. तेथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. आपल्यासारख्याच गावांतील कोणाला, कोणत्या वयात, कोणता कर्करोग झाला याचे दप्तर तेथे बसले. त्याच परिसरातल्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, १९९९ पासून तीस ते एकोणसाठ वर्षे वयाच्या १,३१,००० हून अधिक स्त्रियांचा समावेश असलेली परीक्षा झाली. गर्भाशयमुखातील एचपीव्ही विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच केली, तरी त्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे निम्म्याने घटतात, हे तिने दाखविले आणि २००९ साली ते निष्कर्ष साऱ्या जगापुढे आले. हा विषाणू या कर्करोगास कारण आहे हे जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी सिद्ध केले, त्यासाठी त्यांना २००८ चे नोबेल मिळाले. आणि त्या विषाणूची एक जात त्यांच्या चमूला सापडली होती ती हेन्रिएटा लॅक्सच्या, कमलाबाईंचे गुरू गाय यांनी जगविलेल्या, त्याच पेशींत. काचपात्रातील पेशीपासून उस्मानाबादच्या खेड्यातील बाईचा जीव वाचण्यापर्यंतचा हा मार्ग इतका सरळ आहे. याच विषाणूवरील ‘सर्व्हाव्हॅक’ ही भारतीय लस तर आपल्या सोलापूर रस्त्यावरच्या हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केली आहे. मुंबईत दीड लाख स्त्रियांवर वीस वर्षे चाललेल्या दुसऱ्या एका परीक्षेत, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केवळ हातांनी केलेल्या स्तनतपासणीने पन्नाशीपुढील स्त्रियांचे स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्के कमी झाले. त्यास ना महागडे यंत्र लागले, ना तज्ज्ञ डॉक्टर.

मोरोपंतांच्या बारामतीत आज विज्ञान शिकविणाऱ्या महाविद्यालयांची वाण नाही, माळेगावात राष्ट्रीय दर्जाची शेतीसंशोधन संस्था आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आले आहे. इंदापूरच्या मुलांना विज्ञानाची पदवी गावाजवळ मिळते. सूक्ष्मजीवशास्त्र वा जैवतंत्रज्ञान घेतलेली यांतील मुलेमुली पदवीनंतर बहुधा मिळेल त्या नोकरीच्या मागे लागतात, कारण खारघरच्या संस्थेत पीएच.डी. साठी पाठ्यवृत्तीसह प्रवेश मिळतो आणि त्यासाठी देशभरातून विद्यार्थी घेतले जातात, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. प्राध्यापकांनी ते सांगावे. शेतकी महाविद्यालयात सीताफळाच्या कुळाचा अभ्यास केलेली मुलगी जर कर्करोग संशोधन केंद्राची धुरा सांभाळू शकली, तर ऊस आणि द्राक्षांच्या मुलखातील मुलीला ती वाट बंद असण्याचे कारण नाही.

आणि वाचकांस एक विनंती. तोंडात पांढरा वा लाल चट्टा दिसला, जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तोंड पूर्ववत उघडेनासे झाले, स्तनात गाठ हाताला लागली, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर देवर्षी आणि गावठी औषध यांत महिने घालवू नका. अशी काही खूण दिसत नसली तरीही घरातील तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला तोंडाच्या, आणि स्त्रियांना स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा. सरकारी केंद्रात त्या तपासणीला पैसे पडत नाहीत.